तिकीट मोठ्याचं, वागणूक बाळाची

वसई-विरारकडे परदेशवारी कशी ठरते ते सांगते. रविवारी संध्याकाळी टूरवाला घरी येतो. चहा, खारी, मोबाइलवर फोटो. वडील भावात घासाघीस करतात. आई विचारते, "रात्रीचं जेवण आपलंच ना?" मागच्या वर्षी जाऊन आलेले एक काका शेजारी बसलेले असतात, ते "पट्टाया नको, सिंगापूर-मलेशिया घ्या, क्रूझसकट" असा निकाल देतात. अर्ध्या तासात आगाऊ रक्कम जाते. आतल्या खोलीत सतरा वर्षांची मुलगी आणि चौदा वर्षांचा मुलगा असतात. एकूण खर्चातला निम्मा त्यांच्या नावावर पडलेला असतो. त्यांना प्रश्न विचारला जातो तो एकच: पासपोर्ट कुठे ठेवलायस?

परत आल्यावर हेच आई-बाप सोसायटीच्या आवारात सांगत फिरतात, "एवढे लाख घातले, पण कार्ट्याने मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही." का काढावं त्याने? जाण्याचं शहर त्याने निवडलं नाही, उठण्याची वेळ त्याने ठरवली नाही, जेवायचं काय ते आधीच ठरलेलं. त्याच्या हातात तुम्ही एकच गोष्ट ठेवली होती, ती मोबाइल. तो त्याने नीट सांभाळला.

मी वसईत अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. जूनमध्ये वर्ग भरले की नुकती परदेशातून आलेली पोरं समोर असतात. त्यांना मी हौसेने विचारते, "सिंगापूरला वर्षभर सूर्य साधारण सातच्या सुमारालाच का मावळतो रे?" विषुववृत्तापासून दीडशे किलोमीटरसुद्धा लांब नसलेल्या शहरात हे पोरगं राहून आलेलं असतं. पाठ्यपुस्तकातलं अक्षवृत्त त्याने पायाखाली तुडवलेलं असतं. उत्तर येत नाही. हॉटेलचा वायफायचा पासवर्ड मात्र अजून पाठ असतो. यात पोराचा दोष काडीचा नाही. संध्याकाळी सात वाजता त्याला बसमधून 'इंडियन डिनर'ला नेत होते.

जग या पोरांना कधीच मोठं धरायला लागलंय. विमान कंपनीकडे बाराव्या वाढदिवसाला लहान मुलाचं भाडं संपतं. युरोपचा शेंगेन व्हिसा काढायचा तर सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाला ४५ युरो आणि बारा पूर्ण झाली की सरळ मोठ्याचे ९० युरो, हा दर जून २०२४ पासूनचा. आणि बारा झाली की त्याच्या बोटांचे ठसेही घेतात, तुमच्या घेतात तसेच. सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या दारात तेराव्या वर्षापासून मोठ्याचं तिकीट. टूरवाल्याच्या दरपत्रकातलं 'चाइल्ड विदाऊट बेड' बाराव्या वर्षी बंद होतं आणि 'एक्स्ट्रा बेड' लागतो. आपलं पासपोर्ट खातंसुद्धा पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला दहा वर्षांचा पासपोर्ट घ्यायची मुभा देतं. एवढे सगळे मिळून सांगतायत की हे पोर आता मोठं झालं. फक्त घरच्यांना पटत नाही. पैसे मोठ्याचे भरायचे आणि वागवायचं बाळासारखं, या व्यवहारात तोटा कोणाचा आहे ते भाव करणाऱ्या बाबांनीच ठरवावं.

आता हीच पोरं आपल्या गावात काय करतात ते पाहा. अकरावीला अंधेरी, पार्ले, चर्चगेटच्या कॉलेजात प्रवेश मिळाला की नालासोपाऱ्याची सोळा वर्षांची मुलगी महिनाभरात असलं शास्त्र शिकते की जे कुठल्याही पुस्तकात नाही. बसायला जागा हवी तर आधी उलटं विरारला जायचं आणि त्याच गाडीने परत यायचं. बोरिवलीला उतरायचं असेल तर विरार फास्टच्या वाटेला जायचं नाही. मेगाब्लॉकच्या रविवारी कुठली गाडी कुठे थांबणार नाही, पंधरा डब्यांच्या गाडीत आपला डबा फलाटावर कुठे येतो, रुळांवर पाणी आलं तर दहिसर-भाईंदरहून कुठल्या रस्त्याने घर गाठायचं, हे तिला झोपेत विचारा. रात्री क्लास संपवून ही मुलगी लेडीज डब्यातून एकटी घरी येते. आई दाराशी उभीसुद्धा नसते, कारण रोजचंच आहे.

तीच मुलगी सिंगापूरला पोचली की तिला एका झेंड्यामागे चालवतात. रस्ता ओलांडताना हात धरतात. हॉटेलखालच्या दुकानातून पाण्याची बाटली आणायला धाकट्या भावाला पाठवतात, तिला पाठवत नाहीत. कारण काय, तर परका देश. अहो, ज्या मुलीने सकाळच्या गर्दीत वसई रोडचा जिना जिंकलाय, तिला मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर कसली भीती घालता? तिथल्या गाडीचे दरवाजे बंद होऊन मग गाडी सुटते, हे पाहून तिला हसू येत असेल.

पॅकेजचं वेळापत्रक तर शोधून काढल्यासारखं या वयाच्या विरुद्ध आहे. सहा-सात-आठ, म्हणजे सहाला उठवणार, सातला नाश्ता, आठला बस. किशोरवयात झोपेचं घड्याळ पुढे सरकतं, रात्री झोप उशिरा येते आणि सकाळी जाग उशिरा, हे डॉक्टर लोक किती वर्षं सांगतायत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच म्हटलं होतं की मोठ्या मुलांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नका. आपल्या महाराष्ट्र सरकारनेही २०२४ च्या फेब्रुवारीत शाळेच्या वेळेचा निर्णय काढला, नऊच्या आधी वर्ग नको म्हणून, पण कोणासाठी? चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. जी पोरं कोंबड्याआधी उठून घर डोक्यावर घेतात त्यांना सवलत आणि ज्यांना खरंच उठवत नाही ती सकाळी सातच्या कॉलेजला. मग मे महिन्यात, वर्षातून एकदा झोपायला मिळेल म्हणावं, तर तुम्ही त्यांना क्वालालंपूरमध्ये सहाला उठवता. नाश्त्याच्या टेबलावर ती तोंड पाडून बसली की म्हणता, "मूड बघा यांचा."

आणि एवढ्या पहाटे उठवून नेतात कुठे? एका पुतळ्यासमोर फोटोसाठी वीस मिनिटं. मग चॉकलेटच्या दुकानात तासभर. बँकॉक असेल तर रत्नांच्या दुकानात त्याहून जास्त वेळ. तिथे चौदा वर्षांच्या मुलाने नीलम बघून काय करायचं हे कोणी सांगत नाही. सहा दिवसांत तीन शहरं, त्यातला निम्मा वेळ बसमध्ये किंवा हॉटेलच्या लॉबीत बॅगा मोजत. शहर पाहायचं म्हणजे त्यात थोडं चुकायचं, एकाच कोपऱ्यावरून तिसऱ्यांदा जायचं आणि ओळखीचं झालं की आपल्याआपण वळायचं. तीन शहरांच्या पॅकेजात हे एकदाही घडत नाही.

त्याच सिंगापूरमध्ये, त्या पुतळ्यापासून फार लांब नाही, मरीना बॅरेज नावाचं धरण आहे. २००८ मध्ये बांधून झालं. समुद्राच्या तोंडाशी बांध घालून शहराच्या ऐन मध्यात गोड्या पाण्याचा तलाव केलाय. छपरावर हिरवळ आहे, तिथे संध्याकाळी लोक पतंग उडवतात. जायला तिकीट नाही. कदाचित म्हणूनच कुठल्याही पॅकेजात नाही. सिंगापूरला पाणी चार वाटांनी मिळतं: शेजारच्या मलेशियातल्या जोहोरमधून १९६२ च्या कराराने, जो २०६१ ला संपतो, पावसाचं साठवलेलं, समुद्राचं गोडं केलेलं, आणि २००३ पासून सांडपाणी शुद्ध करून परत वापरात आणलेलं.

हे आमच्या पोरांना का दाखवायचं? कारण ती टँकरच्या शिट्टीवर मोठी झाली आहेत. आमच्या नळाला येणारं सूर्या प्रकल्पाचं पाणी जिल्ह्यातल्या आदिवासी भागाच्या शेतीसाठी अडवलेल्या धरणातून येतं, आणि तिथले लोक त्याविरुद्ध वर्षानुवर्षं बोलत आलेत. दुसऱ्याच्या पाण्यावर जगणारं शहर कसं असतं, हे वसई-विरारच्या मुलाला सिंगापूरइतकं चांगलं कुठेच समजणार नाही. सांडपाण्याचंही तसंच. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी राखलेल्या जागेवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या, लोकांनी आयुष्याची कमाई घालून घरं घेतली, आणि न्यायालयाच्या आदेशाने २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या. माझ्या वर्गातल्या कित्येकांना ती जागा माहीत आहे. एका शहराने सांडपाण्याचं पिण्यालायक पाणी केलं आणि दुसऱ्याने सांडपाण्याच्या जागेवर सदनिका विकल्या, हे दोन्ही ज्या मुलाने डोळ्यांनी पाहिलं त्याला नागरिकशास्त्राची शिकवणी लागणार नाही. तुम्ही मात्र त्याला फक्त एवढंच ऐकवता, "बघ, इथे कोणी थुंकत नाही." हे तो तिसरीपासून ऐकतोय.

बँकॉकचंही तेच. आमच्यासारखंच सपाट, खाडीच्या गाळावर बसलेलं, जमिनीतलं पाणी उपसून खचत गेलेलं. २०११ मध्ये तिथे महापूर आला, आमच्याकडे जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले. पण बँकॉकमध्ये सेन सेप कालव्यातून रोज साध्या प्रवाशांच्या बोटी धावतात, कचेरीत जाणारे लोक त्यातून जातात. वसई-भाईंदर रोरो बोट आम्हाला २०२४ ला मिळाली, खाडी मात्र कायमच होती. कालव्यातल्या त्या बोटीत एक फेरी मारायला मुलांना मोठा खर्च लागणार नाही. आणि हे असलं काही मुलंच शोधून काढतात, आई-बाप नाही. तुम्ही त्यांना शोधू देत असाल तर.

आता वसईवाल्यांची एक खास गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त झोंबते. जपानच्या सहली आता आमच्याकडेही निघतात. टोकियो, फुजी, ओसाका आणि परत. नागासाकीचं नाव त्यात नसतं. नागासाकी स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर निशिझाका नावाची टेकडी आहे. तिथे ५ फेब्रुवारी १५९७ ला सव्वीस ख्रिस्ती माणसांना क्रुसावर चढवून मारलं. त्यांचं ब्राँझचं स्मारक १९६२ मध्ये उभारलं, आणि त्या सव्वीसांत एक वसईकर उभा आहे. गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मलेला, १८६२ मध्ये संतपदाला पोचलेला पहिला भारतीय. त्याच्या नावाचं चर्च गासला आहे, त्याच्या नावाचं कॉलेज वसईत आहे, माझे कितीतरी विद्यार्थी त्या फाटकातून रोज आत-बाहेर करतात. त्याची चरित्रं सांगतात की तो पोरवयातच जेझुइटांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा बोलायला शिकला, पुढे व्यापार केला, आणि जपानच्या सत्ताधीशापुढे गेलेल्या फ्रान्सिस्कन मंडळींचा दुभाषा झाला.

म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वी वसईचं एक पोरगं शिडाच्या जहाजातून जपान गाठतं आणि तिथली भाषा बोलतं. आज त्याच वसईचं पोरगं जपानला जातं तेव्हा मागून आईचा आवाज येतो, "बाबांच्या मागेच राहा." धर्म कुठलाही असो, त्या टेकडीवर उभं राहिलेल्या वसईच्या मुलाला जग किती जवळचं आहे हे कोणी वेगळं सांगायला नको. लिस्बनचंही तसंच म्हणता येईल. १५३४ पासून १७३९ पर्यंत, चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत, दोनशेपाच वर्षं आम्ही ज्यांच्या राज्यात होतो त्यांची राजधानी पाहायची इच्छा एखाद्या मुलाला होणं साहजिक आहे. तो विचारतोही. उत्तर मिळतं, "ते पॅकेजात नाही."

मला ठाऊक आहे, या सगळ्यावर तीन उत्तरं तयार आहेत.

पहिलं: पैसे आमचे, ठरवणार आम्ही. ठीक. पैसे तुमचेच आहेत, आकडाही तुम्हीच सांगा. पण आकडा सांगितल्यावर तो कसा खर्चायचा हे मुलांना मांडू द्या. मी हे माझ्याच घरात पाहिलंय. विमानाचं स्वस्त तिकीट रात्री दोनचं निघतं आणि तेवढ्यासाठी वसईहून संध्याकाळीच निघून महामार्गावर फाउंटनच्या वाहतूककोंडीत तीन तास बसावं लागतं, हा हिशोब मुलं आपल्यापेक्षा पटकन करतात. हॉटेल मेट्रो स्टेशनपासून किती मिनिटं, सामान ठेवायला मिळेल का, नाश्ता घ्यायचा की बाहेर खायचं, हे त्यांना विचारलं की त्यांना एकदम पैशाचं मोल कळतं. "पैसे झाडाला लागतात का" हे वाक्य जन्मभर ऐकवण्यापेक्षा एकदा हिशोबाची वही हातात द्यावी.

दुसरं: त्यांच्यावर सोडलं तर ती नुसती मॉलमध्ये फिरतील. फिरू दे ना एक दिवस! तुम्हीही रत्नांच्या दुकानात फिरलात. शिवाय हा मुलांचा अपमान आहे. एखाद्याला फुटबॉलचं मैदान पाहायचं असतं, एखादीला कॉमिक्सची गल्ली, एखाद्याला जुने कॅमेरे, एखादीला नुसतं नदीकाठी बसायचं असतं. ते तुमच्या दृष्टीने प्रेक्षणीय नसेल, पण त्यांना पुढे वीस वर्षं आठवणार आहे.

तिसरं उत्तर खरं आहे आणि मी त्याला मान देते: आजी-आजोबा बरोबर असतात, त्यांना चालवत नाही, त्यांना वरण-भात लागतो. मग सहा जणांनी दिवसभर एकमेकांना बांधून का फिरायचं? वऱ्हाडसुद्धा मुहूर्तापुरतंच एकत्र उभं राहतं. सकाळी आजी-आजोबा आणि आई-बाबा बागेत जावेत, मुलं आपल्या वाटेने जावीत, दुपारी जेवायला अमुक स्टेशनाबाहेर भेटावं. ज्या घरात आजीला मोबाइलवर व्हिडिओ कॉल करायला नातवाने शिकवलं, त्या घरात एवढा निरोप पोचायला अडचण येऊ नये. जेवणाचं तर बोलूच नका. वसईत बोंबील, सुकट, पाव, इंद्याळ यांवर वाढलेल्या मुलाला बँकॉकमध्ये रोज रात्री पनीर खाऊ घालणं हा कुठला न्याय?

या सगळ्याच्या मागे एक वेळापत्रक आहे, त्याच्यावर कोणी रागावत नाही म्हणून मी रागावते. मूल आठवीत असेपर्यंत आई-बाप म्हणतात, "अजून लहान आहे, त्याला काय कळणार." नववीची परीक्षा संपते न संपते तोच दहावीची 'व्हेकेशन बॅच' सुरू होते. अकरावीच्या मे महिन्यात बारावी, नीट, जेईई, सीईटी. क्लासवाल्याला आठ दिवसांची रजा मागायला बाप असा घाबरतो, जसा स्वतःच्या साहेबालाही घाबरत नाही. मग उरते ती दहावीच्या परीक्षेनंतरची एक सुट्टी आणि बारावीनंतरची एक. म्हणजे ज्या वयात मूल शहर समजून घेऊ शकतं, त्या सगळ्या वर्षांत तुमच्या हाती खऱ्या अर्थाने दोन उन्हाळे आहेत. त्यातला एक तुम्ही काकांच्या सल्ल्याने खर्चून टाकता.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात मांडते. एक शहर घ्या आणि तिथे किमान पाच रात्री राहा. टूरवाल्याकडून तिकीट, व्हिसा, विमा घ्या, तो त्याचा धंदा आहे आणि तो ते चांगलं करतो. दिवस मात्र त्याच्याकडून विकत घेऊ नका. मलेशिया आणि थायलंडने २०२३ च्या अखेरीपासून भारतीयांना व्हिसाविना येऊ दिलं, तशी सोय चालू असेल तर तिचा आधी विचार करा. व्हिसाचे वाचलेले पैसे मुलांच्या हातखर्चाला द्या. प्रत्येक मुलाला प्रवासाचं स्वतःचं कार्ड द्या. एक पूर्ण दिवस मुलांचा ठेवा, त्या दिवशी आई-बाबांनी फक्त मागे चालायचं आणि "अजून किती लांब" असं विचारायचं नाही. दहाच्या आधी कोणाला उठवायचं नाही. मुलगा जेवढा एकटा जाईल तेवढीच मुलगीही जाईल, यावर घरात वाद नको. आणि चुकीच्या स्टेशनावर उतरलात तर ओरडायचं नाही. विरारला उतरायचं सोडून डहाणूला पोचलेले किती जण आपण रोज पाहतो.

हे सगळं करताना मुलं थोडी भांडतील, थोडी चुकतील, एखादं वाईट जेवण निवडतील आणि ते गुपचूप खातीलही. दोन वर्षांत ती पुण्याला, बंगळुरूला, कदाचित जर्मनीलाही जाणारच आहेत, आणि तेव्हा तुम्हाला विचारायला थांबणार नाहीत. अठराव्या वाढदिवसाला सरकार त्यांच्या हाती मत देतं. आदल्या दिवसापर्यंत ज्याला तुम्ही हॉटेलबाहेर एकटं सोडलं नाही, तो दुसऱ्या दिवशी नगरसेवक शहाणपणाने निवडेल अशी अपेक्षा कशाच्या जोरावर धरता?

एवढं जमत नसेल तर परदेशाचा हट्ट कशाला? अर्नाळ्याला रिसॉर्ट आहेत. सकाळी न्यायचं, पाण्यात बुचकळायचं, वडापाव द्यायचा, संध्याकाळी घरी आणायचं. मुलांना तिथेही कोणी काही विचारत नाही, आणि निदान खर्च लाखांत तरी जात नाही.